आमच्या बाजूचा माणूस

सही जुळत नाही म्हणून बँकेनं बोलावलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं माझी वीस वर्षांपूर्वीची सही पडद्यावर काढून दाखवली आणि म्हणाली, "काका, ही तुमचीच ना?" माझीच होती. ठसठशीत, शेवटी लांबलचक फराटा ओढलेली, जणू कागद आपल्या बापाचा. तिनं माझ्याकडून सहा सह्या करून घेतल्या, त्यातली एकही दुसरीसारखी आली नाही, तेव्हा मॅनेजर जेवून येईपर्यंत बाहेर बाकावर बसा म्हणाली. बाकावर शेजारी तिशीतला एक माणूस होता. मांडीवर हेल्मेट, हातात थरथरणारा फोन. फोन थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि हा नुसता त्याच्याकडे बघत बसलेला. उचल की बाबा, असं मी मनात म्हणतोय तोवर तो माझ्याकडे वळला, कानाला बोट लावून त्यानं मान हलवली आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. पडद्यावर लिहिलं होतं: शाळा.

मी उचलला, स्पीकर लावला. पलीकडे एक वैतागलेली बाई. "किती वेळा करायचा फोन? मुलीला ताप भरलाय, घेऊन जा तिला. कोण बोलतंय?" आणि काहीही विचार न करता माझ्या तोंडून गेलं, "मी त्यांच्या वतीने बोलतोय." मग बाई सांगत गेल्या तसं मी त्याच्या फोनवर लिहीत गेलो: ताप आहे, मागच्या फाटकानं या, ओळखपत्र आणा. त्यानं वाचलं आणि खाली लिहिलं, "रडतेय का विचारा." मी विचारलं. बाई अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "नाही हो. झोपलीय. पाणी प्यायली थोडं." तेही मी लिहिलं, झोपलीय, पाणी प्यायली. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि हेल्मेट डोक्यावर चढवत पायऱ्या उतरून गेला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मॅनेजर आले, मला आत बोलावलं, मी नवी सही करून दिली. पण कशावर केली ते आता आठवत नाही. 'त्यांच्या वतीने बोलतोय' हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. ते माझं नव्हतं.

ते वाक्य टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बावीस मुली दिवसातून शेकडो वेळा म्हणायच्या. "नमस्कार, मी निरोपमधून बोलतेय, अमुक यांच्या वतीने." तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि एका व्हेंचर कॅपिटल फंडात होतो. म्हणजे दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याच्या कल्पनेत घालायचे आणि चौथा कुणी ती कंपनी विकत घेईपर्यंत श्वास रोखून बसायचं. माझ्या आईला हा धंदा शेवटपर्यंत कळला नाही. ती लोकांना "बँकेत आहे" असं सांगायची. इंटरनेट नवं होतं आणि मोबाइल त्याहून नवा, हिरव्या उजेडाच्या दोन बोटं पडद्याचा. आमच्या काचेच्या खोलीत रोज चार-पाच कंपन्या यायच्या. कुणी घरबसल्या भाजी देणार, कुणी परीक्षांचे निकाल सांगणार, कुणाला स्वतःलाच माहीत नसे काय करणार. सगळ्यांचं म्हणणं एकच, लोक येतील. कशासाठी येतील विचारलं की पुढचा तक्ता दाखवायचे.

एक दिवस त्या खोलीत ताई आल्या. चाळिशीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठरा वर्षं ऑपरेटर असलेल्या आणि मुदतीआधी निवृत्ती घेतलेल्या. बरोबर त्यांचा भाऊ, त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्यांना सगळेच ताई म्हणायचे आणि त्याला धाकटा, ते पुढे आमच्या कागदपत्रांतसुद्धा तसंच राहिलं. धाकट्याचं ऐकणं सहाव्या वर्षी तापात गेलं होतं. तेव्हापासून ताईच त्याचा कान आणि ताईच त्याचा फोन. तो बोलायचा, पण सपाट, खालच्या मजल्यावरून आल्यासारखं. आणि समोरच्याचे ओठ वाचायचा. ताईंनी तक्ता वगैरे काही काढला नाही. म्हणाल्या, "एसएमएस आल्यापासून आमची माणसं आपसात बोलायला लागलीत. पण डॉक्टर एसएमएस वाचत नाही, दुकानदार वाचत नाही. मधे एक माणूस बसवायचा. याचा मेसेज त्यानं वाचून फोनवर बोलायचा, तिकडचं ऐकून याला लिहायचं. झालं." आमच्या साहेबांनी विचारलं, "चालतं का पण?" धाकट्यानं खिशातून मोबाइल काढला आणि बोटं चालवली. टायरच्या दुकानावर बसलेल्या एका मुलीनं त्याच्या न्हाव्याला फोन लावला. मिनिटाभरात उत्तर आलं. ते त्यानं आम्हाला वाचून दाखवलं: "या या, रिकामाच बसलोय." आणि तो हसला, मोठ्यानं, खोलीला न शोभणारं. तेहतीस वर्षांत त्यानं स्वतः केलेला हा कितवा फोन, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "चौथा. आधीचे तीन आम्ही चाचणीसाठी केले."

साहेबांनी निरोपमध्ये, म्हणजे ताईंच्या या कंपनीत, पैसे घातले. फंडातर्फे संचालक मंडळावर ते आणि मी. मी दर शनिवारी त्या दोन खोल्यांत जाऊ लागलो. कागद बघायचे म्हणून जायचो आणि कागद न बघता बसायचो. पहिल्याच दिवशी धाकट्याशी बोलताना मी ताईंकडे बघून बोललो, शब्दाशब्दाला थांबत. ताईंनी तिथल्या तिथे झापलं. "तोंड त्याच्याकडे करा. आणि असं सावकाश बोलू नका, तो बहिरा आहे, मठ्ठ नाही." मुलींना एक नियम होता. एकदा वतीने म्हणून सांगितलं की पुढे "ते म्हणतात" नाही, सरळ "मी". गिऱ्हाईक चिडलेलं असेल तर चिडून बोलायचं, विनवत असेल तर विनवायचं. एका मुलीला एका गवंड्याच्या वतीनं लग्नाचं विचारावं लागलं. पलीकडची हो म्हणाली आणि ही हेडफोन काढून ढसाढसा रडायला लागली. बिचारा गवंडी तिकडे मोबाइलकडे बघत उत्तराची वाट बघतोय. धाकट्यानं सगळी यंत्रणा एका जुन्या कॉम्प्युटरवर उभी केली होती आणि तो बिघडला की तो त्याच्या पाठीवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचा. दुसऱ्या वर्षी आमचं अरे-तुरे सुरू झालं. शनिवारी दुपारी आम्ही दोघं फिरायला जायचो. चालताना ओठ वाचता येत नाहीत, म्हणून काही बोलायचं असलं की दोघांनी थांबायचं, समोरासमोर उभं राहायचं, बोलायचं आणि पुन्हा चालायचं. बायको तेव्हा म्हणायची, तू हल्ली माझ्याशीसुद्धा थांबून बोलतोस. ते खरं होतं आणि ते मला आवडत होतं, आणि असं काही आवडणं आपल्या धंद्यात बसत नाही हेही मला ठाऊक होतं.

मग ते वर्ष आलं. इंटरनेटच्या कंपन्या एकामागून एक मावळल्या. ज्यांनी आमच्या फंडात पैसे ठेवले होते ते रोज साहेबांना बोलावून घ्यायला लागले. साहेब वाईट नव्हते, घाबरले होते. पण घाबरलेला साहेब फार मुद्देसूद बोलतो. "गिऱ्हाईक वाढलं की यांना मुली वाढवाव्या लागतात," ते मला म्हणाले. "माणसं वाढवून जो धंदा वाढतो ती खानावळ. आपण खानावळीत पैसे घालत नाही." टेलिफोन कंपन्यांशी झालेला करार निरोपकडे होता, लोकांनी मेसेज पाठवायचा चार आकडी नंबर होता, मेसेजची यंत्रणा होती. त्यावरून रिंगटोन विकता येत होत्या, विनोद विकता येत होते. एका विनोदाला ना ऑपरेटर लागतो ना पगार. ऑपरेटर मुलींची खोली बंद करायची एवढंच. मंडळावर पाच जण होते: ताई, धाकटा, साहेब, मी, आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, जे साहेबांच्या शब्दाबाहेर नव्हते. म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे, आणि पाचवा मी. बैठकीच्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. त्यांनी लांबण लावली नाही. "तुमचं काय?" मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला फेस. म्हणालो, "मी आहे ना." ते मी किती सहज म्हणालो! खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. नंतर, गाडी लावताना, साहेब नुसते एवढंच म्हणाले, "आज जरा नीट विचार करून बोल. पुढच्या वर्षी तुला भागीदार करायचं डोक्यात आहे."

टेबलाच्या त्या बाजूला धाकटा आणि ताई शेजारी शेजारी, या बाजूला बरोबर त्याच्यासमोर मी. ताईंचे ओठ त्याला दिसत नसत, म्हणून त्या स्वतःचं बोलणं आणि इतरांचं जे त्याच्या नजरेतून सुटेल ते त्याला हातांनी सांगायच्या. साहेबांनी आपलं मत सांगितलं, इंजिनिअरांनी मान डोलावली. धाकटा आपल्या सपाट आवाजात म्हणाला, "बंद नको." ताईही नको म्हणाल्या, नुसत्या तोंडानं, साहेबांकडे बघत. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि तो माझ्या ओठांकडे. पुढे झुकून, शनिवारी रस्त्यात थांबल्यावर बघायचा तसा. मी कोपर टेबलावर टेकवलं, मूठ तोंडापुढे धरली, विचारात पडलेली माणसं धरतात तशी, आणि मुठीमागून म्हणालो, "मला वाटतं, बंद करावं." मला तोंडापुढे हात धरायची सवय नव्हती. आधीही नव्हती, नंतरही कधी लागली नाही. मत फिरवलं याचं समर्थन मी पुढे अनेकदा केलं, स्वतःशी आणि चारचौघांत, त्यात थोडंफार तथ्यही असेल. पण त्या हाताचं काय करायचं ते मला कधीच सुचलं नाही. तो मी मुद्दाम धरला होता. त्याला कळू नये म्हणून. त्याच्या बहिणीनं ते पाहिलं. क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे वळून त्यांनी हातांनी काहीतरी सांगितलं, चार-पाच हालचाली. त्याचा चेहरा विटला. तो ताईंकडे बघतच राहिला. मग उठला, टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला, घट्ट. हा टोमणा आहे की मोठेपणा, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढची वीस वर्षं मी दोन्ही अर्थ आलटून पालटून लावत राहिलो.

रिंगटोन तुफान चालल्या. दोन वर्षांनी ती कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली, मी भागीदार झालो. मॅनेजमेंटच्या मुलांपुढे भाषणं द्यायला लागलो आणि त्यात ही गोष्ट सांगायचो, कठीण निर्णयाचं उदाहरण म्हणून. बैलाच्या थापेपाशी मुलं हसायची. गवंड्यापाशी जास्तच. मुठीचं मी सांगत नसे. ताईंनी कधी फोन केला नाही, मीही केला नाही. आज करू, उद्या करू म्हणत आधी लाज वाटत होती, मग उशीर झाल्याची लाज, आणि मग नुसतंच ते वळण टाळून पलीकडच्या रस्त्यानं जायची सवय. बँकेतल्या त्या दुपारनंतर मात्र काही सुचेना. जेवताना बायकोनं विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, "एका मुलीला ताप आलाय." "कुणाच्या?" "माहीत नाही." तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोपच्या जुन्या जागी गेलो. टायरचं दुकान होतं, वरच्या खोल्यांत कसली तरी शिकवणी होती. दुकानदार म्हणाला, "ताई ना? मागच्या गल्लीत. धाकटे प्रिंटर दुरुस्त करतात, पाटी दिसेल." पाटी दिसली. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत उघडून ठेवलेले चार प्रिंटर, आणि टेबलावर वाकलेला, पांढऱ्या केसांचा तो. एक गिऱ्हाईक बसलं होतं. माझी सावली पडली म्हणून धाकट्यानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मी गल्लीतच ठरवून आलो होतो काय बोलायचं ते. पण तो उठून आला आणि त्यानं मला कवटाळलं. त्याच्या शर्टाला शाईचा वास येत होता. मग मला खांद्याला धरून त्या गिऱ्हाइकासमोर उभं केलं आणि त्याच सपाट आवाजात म्हणाला, "हा आमच्या बाजूचा माणूस."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं मला खुर्ची पुसून दिली. ताई बाजारात गेल्यात, येतील इतक्यात, म्हणाला. मग माझ्यासमोर बसला, अगदी समोर, आणि बोलत गेला. खूप दिवसांचं साठलेलं असावं. "तू एकटा होतास," तो म्हणाला. "त्या दिवशी. मी विसरलो नाही. ताईनं तेव्हाच सांगितलं. तू नको म्हणालास. ती हो म्हणाली." त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यानं बोटांवर मोजून दाखवलं: साहेब, इंजिनिअर, ताई; आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं, तू आणि मी. "बिचारी घाबरली. मुलींचे पगार कुठून द्यायचे म्हणून. पण मला आधी विचारायचं ना? दीड वर्ष बोललो नाही मी तिच्याशी. एका घरात. ती ताट वाढायची, मी भिंतीकडे तोंड करून जेवायचो. आता बोलतो. पण ते आहेच." त्यानं छातीवर हात ठेवला. "तू होतास म्हणून मी पुन्हा लोकांत गेलो. म्हटलं, असतात अशीही माणसं."

त्या बैठकीतल्या ताईंच्या चार-पाच हालचाली, त्याचा विटलेला चेहरा, ताईंवरून न हललेली नजर, माझा दाबलेला हात, सगळं जाग्यावर बसलं, आणि ते इतकं साधं होतं की वीस वर्षांत मला ते दिसू नये याचीच शरम वाटली. गप्प राहणं सोपं होतं. नुसतं सोपं नाही, चांगलंही दिसलं असतं. चहा पिऊन, पाठीवर थाप घेऊन, महिन्याला एकदा येत जा असं आमंत्रण घेऊन मी घरी गेलो असतो. मी खुर्ची पुढे ओढली. म्हणालो, "बंद करा असं मी म्हणालो. ताई नाही."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "पुन्हा सांग," म्हणाला.

"मी म्हणालो बंद करा. ताई नको म्हणाल्या."

त्यानं डोळे बारीक केले, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. "पुन्हा."

तिसऱ्यांदा सांगताना माझे ओठ थरथरत होते, आणि त्यामुळे त्याला वाचता येत नसेल तर चौथ्यांदा सांगावं लागेल या भीतीनं मी एकेक शब्द सुटा करून म्हणालो. "मी. ताई नाही. मी." आणि मग, ज्यासाठी आलो होतो तेही सांगितलं, "तुला दिसू नये म्हणून तोंडापुढे हात धरला होता." तो टेबलावरचे स्क्रू एकेक उचलून डबीत टाकत राहिला, सगळे संपेपर्यंत.

तेवढ्यात ताई आल्या. हातात भाजीची पिशवी, केस पातळ झालेले, चाल तीच. मला पाहून त्या दारातच थांबल्या, मग भावाचा चेहरा पाहिला, आणि त्या काय ते समजल्या.

"सांगितलंत?"

"हो."

"वीस वर्षांत यायला जमलं नाही, आणि आलात ते हे घेऊन?"

"ताई, तुमच्यावर उगीच आळ..."

"उगीच नाही. मी घेतला होता तो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं उतरवायला?" आवाज चढला नव्हता; एक्स्चेंजमध्ये अठरा वर्षं बसलेला आवाज होता तो. "मी बहीण आहे त्याची. माझ्यावर रागावून तो जाणार कुठे? पलीकडच्या खोलीत. तुम्ही बाहेरचे होतात. ज्याच्याबरोबर तो रस्त्यानं चालला असा पहिला बाहेरचा माणूस. तुम्ही असे निघालात हे कळलं असतं तर तो पुन्हा या दाराबाहेर पडला नसता. तुमच्यासाठी नाही केलं मी ते."

धाकटा उठला होता. त्यानं ताईंच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली आणि हातांनी काहीतरी विचारलं. ताईंनी उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्या, तुटक हालचालींनी. ताईंनी मान वळवली तर त्यानं हनुवटीला धरून ती आपल्याकडे वळवली. मग दोघांचे हात एकदमच चालायला लागले. मधेच ताई हसल्यासारख्या झाल्या, मधेच त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, एकदा त्यानं भिंतीकडे बोट केलं आणि ताईंनी पदरानं डोळे पुसले. खोलीत चकार शब्द नव्हता. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं आणि मला सांगायला कुणी मोकळं नव्हतं. बराच वेळ मी बसून होतो. मग उठलो, आणि मी गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

आठ दिवसांनी माझ्या फोनवर ताईंचा मेसेज आला. नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. "तो दोन दिवस कुणाशीच बोलला नाही, दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं चहा केला आणि मला अंथरुणात आणून दिला. जन्मात पहिल्यांदा. साखर घालायला विसरला होता. मी तसाच प्यायले. तुमचं नाव काढत नाही. तुम्ही आता येऊ नका."

मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. बायको आतून विचारत होती कुणाचा मेसेज म्हणून. खूप काही लिहिता आलं असतं. मी "बरं" एवढंच लिहिलं आणि पाठवलं.